स्मृतिपत्र : लहान टॅब्लेटमधील कायम साठवण

स्मृतिपत्र (मेमरी कार्ड) : अंकीय स्वरूपातील मजकूर, चित्रे, ध्वनी इ. माहिती साठविणारी व यंत्रातून हवी तेव्हा काढता-घालता येणारी अर्धसंवाहक पत्रिका. विद्युत् पुरवठा बंद केला, तरी तीवरील नोंद पुसली जात नाही. बोलीत तिला ‘मेमरी कार्ड’ किंवा नुसते ‘कार्ड’ म्हणतात. एका यंत्रातील माहिती दुसऱ्या यंत्रात नेणे, हे तिचे मूळ प्रयोजन होय. तथापि २०१० नंतर स्वस्त व लहान टॅब्लेट (पाटीच्या आकाराचे, पडद्यास स्पर्श करून चालविण्याचे सपाट संगणक, बोलीत ‘टॅब’) आणि त्याच जातीचे भ्रमणध्वनी भारतात मोठ्या प्रमाणावर पसरले, तेव्हा त्यांतील अंगची साठवण अपुरी पडू लागली. साहजिकच ने-आणीसाठी बनविलेली ही पत्रिका यंत्राचा कायमचा भाग म्हणून वापरण्याची प्रथा पडली. या प्रथेचा इतिहास, तिच्यामागील तंत्र आणि महाराष्ट्रातील, विशेषतः बीड जिल्ह्यातील गेवराईसारख्या तालुक्याच्या संदर्भातील तिची फलिते यांचा येथे विचार केला आहे.

‘कायम साठवण’ या शब्दप्रयोगात एक गफलत दडलेली आहे. यंत्राच्या दृष्टीने कायम म्हणजे जागची न हलविता येणारी. वापरणाऱ्याच्या दृष्टीने कायम म्हणजे टिकणारी. स्मृतिपत्र पहिल्या अर्थाने कायम केले, की ते दुसऱ्या अर्थानेही कायम झाले, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुस्थिती बऱ्याच अंशी उलट आहे.

पूर्वेतिहास : संगणकातील माहिती बाहेर काढून ठेवण्याची साधने संगणकाइतकीच जुनी आहेत. छिद्रित पत्रे व चुंबकीय फीत यांच्यानंतर १९७१ मध्ये अमेरिकेतील आयबीएम कंपनीने ८ इंची लवचिक तबकडी (फ्लॉपी) बाजारात आणली. या सर्व साधनांत फिरणारा किंवा सरकणारा भाग असे. हलत्या भागाशिवाय साठवण करण्याचा मार्ग अर्धसंवाहक भौतिकीतून निघाला. बेल प्रयोगशाळेतील दावन कांग व सायमन झी यांनी १९६७ मध्ये तरंगत्या द्वाराच्या ट्रँझिस्टराची कल्पना मांडली. यात सिलिकॉनाच्या पृष्ठावर निरोधक थरांनी सर्व बाजूंनी वेढलेला एक संवाहक तुकडा असतो. त्यात इलेक्ट्रॉन ढकलले म्हणजे ते निरोधकामुळे आतच अडकून राहतात. इलेक्ट्रॉन अडकलेले आहेत किंवा नाहीत, यावरून ० व १ हे अंक ओळखता येतात. अडकविलेला विद्युत् भार हीच या साठवणीतील नोंद होय.

या तत्त्वावरील आरंभीच्या स्मृती पुसण्यासाठी जंबुपार किरणांचा वापर करावा लागे. विद्युत् दाबानेच मोठा विभाग एका दमात पुसता येईल अशी रचना जपानमधील तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी केली आणि १९८४ मध्ये ती शास्त्रीय परिषदेत मांडली. पुसण्याची क्रिया छायाचित्रकाराच्या दिव्याच्या लखलखाटाप्रमाणे क्षणात होते, म्हणून त्यांच्या एका सहकाऱ्याने तिला ‘फ्लॅश’ हे नाव सुचविले. १९८७ मध्ये मासुओका व त्यांचे सहकारी यांनी अधिक दाटीची ‘नँड’ रचना मांडली. आजची सर्व स्मृतिपत्रे याच कुळातील आहेत. पुसणे घाऊक आणि लिहिणे किरकोळ, ही या कुळाची जन्मजात खोड आहे. एखादे पान बदलण्यासाठीसुद्धा नवी नोंद दुसऱ्या मोकळ्या जागी करावी लागते व जुना विभाग मागाहून समग्र पुसावा लागतो. दर वेळी पुसताना निरोधक थराची थोडी झीज होते. या झिजेचा संबंध पुढे येईल.

फ्लॅश स्मृतीची सुटी पत्रिका बनविण्याच्या कामी अमेरिकेतील सनडिस्क (नंतरचे नाव सॅनडिस्क) ही कंपनी अग्रेसर होती. १९८८ मध्ये एली हरारी व जॅक युआन यांच्याबरोबर तिची स्थापना करणारे संजय मेहरोत्रा हे कानपूरचे. या कंपनीचे काँपॅक्ट फ्लॅश पत्र १९९४ मध्ये निघाले. त्यानंतरच्या पाच वर्षांत निरनिराळ्या कंपन्यांनी एकमेकांत न बसणारी अनेक पत्रे काढली व त्यामुळे ग्राहकांची बरीच कुचंबणा झाली. १९९९ मध्ये मात्सुशिता, सॅनडिस्क व तोशिबा यांनी एकत्र येऊन ‘एसडी’ हे ३२ × २४ × २.१ मिमी. मापाचे प्रमाणित पत्र जाहीर केले. भ्रमणध्वनीत मावेल असे त्याचे अतिलघू रूप २००४ मध्ये ‘ट्रान्सफ्लॅश’ या नावाने पुढे आले आणि पुढील वर्षी ‘मायक्रो एसडी’ म्हणून प्रमाणित झाले. त्याचे माप १५ × ११ × १ मिमी. म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढे आहे. पहिल्या प्रमाणानुसार पत्राची धारकता २ गिगाबाइटपर्यंत असे. २००६ मध्ये ही मर्यादा ३२ गिगाबाइट व २००९ मध्ये २ टेराबाइट झाली.

या सर्व काळात पत्राविषयीची कल्पना एकच होती. छायाचित्रकाने चित्र टिपावे, पत्र काढून संगणकात घालावे व चित्र उतरवून घ्यावे. कोणत्याही यंत्रास पत्र वाचता यावे म्हणून त्यावरील मांडणीही सर्वांत साधी ठेवलेली होती. तीत कोणती फाइल कोणाच्या मालकीची, कोणी ती वाचावी, कोणी बदलावी यांची नोंद ठेवण्याची सोय नव्हती. ने-आणीसाठी ही उणीव नसून गुणच होता. यंत्रातील ॲपे (विशिष्ट कामाच्या आज्ञावली) पत्रावर ठेवण्याची वेळ आली, तेव्हा मात्र तिची अडचण झाली.

टॅब्लेट व अपुरी साठवण : भारतात टॅब्लेट हे साधन सर्वसामान्य विद्यार्थ्यापर्यंत नेण्याचा पहिला मोठा प्रयत्न म्हणजे ‘आकाश’. केंद्र शासनाच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाच्या पुढाकाराने ५ ऑक्टोबर २०११ रोजी नवी दिल्ली येथे त्याचे उद्‌घाटन झाले. सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रक्रियक, २५६ मेगाबाइट कार्यकारी स्मृती आणि २ गिगाबाइट साठवण असे त्याचे स्वरूप होते. मायक्रो एसडी पत्र घालून साठवण ३२ गिगाबाइटपर्यंत वाढविण्याची सोय होती. प्रारंभी राजस्थान येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेकडे असलेला हा प्रकल्प २०१२ मध्ये मुंबईतील (पवई) संस्थेकडे आला व प्रा. दीपक फाटक यांच्या मार्गदर्शनाखाली त्याची पुनर्रचना झाली. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश–२’ प्रसृत झाला. त्यात प्रक्रियक १ गिगाहर्ट्‌झचा, कार्यकारी स्मृती ५१२ मेगाबाइट व साठवण ४ गिगाबाइट होती. अर्थसाहाय्यामुळे तो विद्यार्थ्याला १,१३० रुपयांस मिळावा, अशी योजना होती. पहिल्या टप्प्यातील १ लाख टॅब्लेट देशातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या द्वारे वापरात आणण्यात आले. मार्च २०१५ अखेर हा प्रकल्प बंद झाला.

दुसऱ्या आकाशात प्रक्रियकाचा वेग जवळजवळ तिप्पट झाला, साठवण मात्र दुप्पटच झाली, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. स्वस्त यंत्राची किंमत खाली आणावयाची, तर निर्माते प्रथम अंगच्या साठवणीला कात्री लावत आणि ‘पत्र घालून वाढविता येईल’ असे वेष्टनावर छापत. सप्टेंबर २०१४ मध्ये भारतात ‘अँड्रॉइड वन’ योजनेखाली निघालेल्या सुमारे ६,४०० रुपयांच्या भ्रमणध्वनींतही साठवण ४ गिगाबाइटच होती. तिचा मोठा वाटा प्रचालन प्रणाली (यंत्राचा कारभार पाहणारी मूळ आज्ञावली) स्वतःच व्यापून टाकी. उरलेल्या जागेत दहा-पंधरा ॲपे व काही छायाचित्रे मावली, की ‘मेमरी फुल’ झाल्याची सूचना पडद्यावर येई. पत्रात जागा पुष्कळ, पण ॲपे तेथे जात नाहीत, ही तक्रार त्या काळात घरोघर ऐकू येई. वेष्टनावरील आश्वासन खोटे नव्हते, पण अर्धेच खरे होते.

२०१५ पूर्वीचे उपाय : अँड्रॉइड प्रणालीच्या २.२ या आवृत्तीत (२०१०) ॲपाचा काही भाग पत्रावर हलविण्याची मुभा मिळाली. ॲप बनविणाऱ्याने तशी परवानगी दिलेली असेल तरच हे शक्य होई, आणि ॲपाची स्वतःची नोंदवही आतल्या साठवणीतच राही. पुढे टॅब्लेटांसाठी प्रणालीची मांडणी बदलली. आतल्या साठवणीचाच एक भाग ‘पत्र’ मानला जाऊ लागला व खरेखुरे पत्र दुय्यम ठरले. परिणामी ‘पत्रावर हलवा’ ही आज्ञा दिली, तरी ॲप प्रत्यक्षात आतल्या आतच या कप्प्यातून त्या कप्प्यात जाई. प्रणालीच्या इतिहासात यापेक्षा अधिक गोंधळाची योजना क्वचितच सापडेल. २०१३ च्या ४.४ या आवृत्तीने दुय्यम पत्रावर लिहिण्याचा अधिकारही आकुंचित केला. प्रत्येक ॲपाने पत्रावरील स्वतःच्या कप्प्यापुरतेच लिहावे, असा नियम आला. सुरक्षिततेच्या दृष्टीने तो समर्थनीय होता, परंतु ज्यांची सारी भिस्त पत्रावर होती त्यांना तो जाचला.

जाणकार मंडळींनी आडवाटा शोधल्या. संगणकावर पत्राचे दोन विभाग पाडावयाचे, त्यांपैकी दुसरा विभाग प्रणालीच्या स्वतःच्या मांडणीने आखावयाचा आणि टॅब्लेटावरील निर्मात्याची बंधने तोडून ॲपे त्या विभागाशी जोडून द्यावयाची, असा हा खटाटोप होता. त्याने निर्मात्याची हमी संपुष्टात येई. तालुक्याच्या गावातील भ्रमणध्वनी दुरुस्त करणारे अनेक कारागीर कोणत्याही औपचारिक शिक्षणाशिवाय या कामात तरबेज झाले होते, याचा उल्लेख तंत्रविषयक ग्रंथांत सहसा येत नाही.

स्वीकृत साठवण : ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रसृत झालेल्या अँड्रॉइडच्या ६.० या आवृत्तीने प्रश्न मुळातून हाताळला. पत्र घालताच प्रणाली विचारते, की हे पत्र ने-आणीसाठी वापरावयाचे, की यंत्राची अंतर्गत साठवण म्हणून? दुसरा पर्याय निवडल्यास प्रणाली पत्र ‘दत्तक’ घेते. दत्तकाची ही उपमा प्रणालीच्या मूळ परिभाषेतीलच असून ती अन्वर्थक आहे, कारण पत्राचे पहिले घर त्यानंतर तुटते.

दत्तकविधानात तीन गोष्टी घडतात. पहिली, पत्रावरील असलेली सर्व माहिती पुसली जाते. बोलीत याला ‘फॉरमॅट मारणे’ म्हणतात. दुसरी, मालकी व अधिकार यांची नोंद ठेवू शकेल अशी नवी मांडणी पत्रावर आखली जाते. तिसरी व सर्वांत महत्त्वाची म्हणजे पत्रावर यापुढे जे लिहिले जाईल ते कूटरूपात लिहिले जाते, आणि ते उलगडणारी किल्ली टॅब्लेटाच्या आतल्या साठवणीत ठेवली जाते. किल्ली पत्रावर नसते. म्हणून असे पत्र दुसऱ्या टॅब्लेटात, संगणकात किंवा छायाचित्रकात घातले, तर तेथे ते कोरे किंवा बिघडलेले भासते. पत्र चोरीस गेले, तरी त्यावरील खाजगी माहिती चोराच्या हाती लागू नये, हा या योजनेचा हेतू. ॲपांचा गुप्त ऐवज काढत्या-घालत्या पत्रावर ठेवावयाचा, तर असे करणे भागच होते.

याची किंमत मात्र वापरणाऱ्याला मोजावी लागते. टॅब्लेट बिघडला, पाण्यात पडला किंवा कारखान्यातील मूळ स्थितीस परत नेला (बोलीत ‘रिसेट मारला’), की किल्ली नष्ट होते. पत्र धडधाकट असले, तरी त्यावरील अक्षरही परत मिळत नाही. ने-आणीच्या जुन्या पद्धतीत याच्या नेमके उलटे होते. यंत्र मेले, तरी पत्र काढून दुसरीकडे वाचता येई, आणि पुष्कळांच्या मनात पत्राची हीच प्रतिमा घट्ट बसलेली होती. एकदा दत्तक घेतलेले पत्र चालू टॅब्लेटातून अवचित काढले, तर त्यावरील ॲपे व चित्रे नाहीशी होतात. तेच पत्र पुन्हा घातल्यास ती परत येतात. परंतु प्रणालीला पत्र ‘विसरून जाण्याची’ आज्ञा दिली, तर किल्लीही विसरली जाते.

वेगाचा प्रश्न याहून निराळा आहे. छायाचित्रकासाठी बनविलेले पत्र मोठी नोंद सलग लिहिण्यात पटाईत असते. ॲपे मात्र सतत, विखुरलेल्या ठिकाणी, चिमूटभर माहिती लिहितात व वाचतात. त्यामुळे स्वस्त पत्र दत्तक घेतल्यास चांगला टॅब्लेटसुद्धा अडखळू लागतो. प्रणाली दत्तक घेताना पत्राचा वेग मोजून ते मंद असल्यास तशी सूचना देते. पण जागेच्या टंचाईने गांजलेला मनुष्य ती मनावर घेत नाही. पत्रांचे प्रमाणीकरण करणाऱ्या संघटनेने ही अडचण ओळखून २०१६ मध्ये ‘ए–१’ व २०१७ मध्ये ‘ए–२’ हे वर्ग ठरविले. त्यांत विखुरलेल्या वाचन-लेखनाचा किमान वेग निश्चित केलेला असतो. पत्रावर छापलेल्या अनेक चिन्हांपैकी टॅब्लेटासाठी हेच चिन्ह पाहावयास हवे. पण विक्रीच्या वेळी ठळक अक्षरांत दिसतो तो केवळ धारकतेचा आकडा.

अनेक मोठ्या निर्मात्यांनी आपल्या यंत्रांत दत्तकाचा पर्यायच झाकून ठेवला. मंद पत्रामुळे यंत्र मंद झाले, तर दोष यंत्राला दिला जाईल, ही भीती त्यामागे असावी. तसेच पत्र हे चित्रे-चलच्चित्रे ने-आण करण्यासाठीच आहे, अशीही काहींची भूमिका होती. त्यामुळे एकाच आवृत्तीच्या दोन टॅब्लेटांपैकी एकात हा पर्याय दिसे आणि दुसऱ्यात दिसत नसे.

गेवराई तालुक्याच्या संदर्भात : गेवराई हे बीड जिल्ह्याच्या उत्तर भागातील, धुळे–सोलापूर महामार्गावरील तालुक्याचे ठिकाण. तालुक्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता. कापूस हे येथील महत्त्वाचे पीक. त्याचबरोबर दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाणाऱ्या मजुरांच्या तालुक्यांत गेवराईची गणना होते. पत्रावरील साठवणीचा प्रश्न अशा भागात शहरापेक्षा वेगळे रूप धारण करतो.

आंतरजाल महाग व मंद होते, त्या काळात, म्हणजे २०१० च्या आगेमागे, महाराष्ट्रातील तालुक्यांच्या बाजारपेठांत ‘कार्ड भरून देणे’ हा एक रीतसर धंदा होता. दुकानदाराच्या संगणकात चित्रपटगीते, लावण्या, भजने, कीर्तने, चित्रपट यांचा मोठा साठा असे आणि थोड्या पैशांत तो ग्राहकाचे पत्र भरून देई. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्याच्या दृष्टीने हा व्यवहार उघडउघड बेकायदेशीर होता. तरीपण मराठवाड्यातील कितीतरी खेड्यांत अंकीय करमणूक प्रथम पोहोचली ती याच वाटेने. आठवड्याच्या बाजारी पत्र भरून आणावे व पुढच्या बाजारापर्यंत ऐकावे, असा क्रम असे. ऊसतोडीस निघालेल्या कोयत्याच्या (नवरा-बायकोच्या जोडीच्या) सामानात भरलेले पत्र असणे स्वाभाविक होते, कारण फडावरील पालात विजेची व संपर्काची शाश्वती नसे. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओची सेवा सुरू झाल्यानंतर आंतरजालाचे दर झपाट्याने उतरले आणि हा धंदा ओसरला. पत्र मात्र गेले नाही. त्याचे काम बदलले. पूर्वी त्यावर बाजारातून आणलेली गाणी असत, ती उडाली तर पुन्हा भरून मिळत. आता त्यावर घरातल्यांनी काढलेली छायाचित्रे, लग्नाची चलच्चित्रे, आधारपत्राच्या व सात-बाराच्या प्रतिमा, मुलांचा अभ्यास असा ऐवज साठू लागला. हा कोणत्याही दुकानात भरून मिळणारा नव्हता.

शासकीय व्यवहारही याच सुमारास हातातील यंत्रावर आला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली व शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरून नोंदविण्याची पद्धत आली. नागपूर येथील महाज्योती या संस्थेने इतर मागासवर्गीय, विमुक्त जाती-भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी टॅब्लेट देण्याची योजना राबविली. त्याआधी, मार्च २०२० नंतर कोविडच्या साथीने शाळा बंद झाल्या, तेव्हा पाठ्यपुस्तकांच्या प्रती व पाठांची चलच्चित्रे घरातील एकुलत्या एका यंत्रात साठविण्याची वेळ असंख्य कुटुंबांवर आली होती. जागेची टंचाई तेव्हा शिक्षणाचा प्रश्न बनली.

साठवण व स्मृती यांच्या तुटवड्याने सार्वजनिक वादाचे रूप घेतले ते अंगणवाडी सेविकांच्या आंदोलनात. पोषण अभियानाखाली त्यांना नोंदी ठेवण्यासाठी भ्रमणध्वनी देण्यात आले होते. मार्च २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे ॲप आले. दिलेल्या यंत्रांची स्मृती अपुरी आहे, ती तापतात, अडकतात आणि ॲपाची भाषा इंग्रजी आहे, अशा तक्रारी करीत ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी हे भ्रमणध्वनी शासनास परत केले. यंत्रात पत्र घालून असा प्रश्न सुटत नाही, हेही येथे नमूद करावयास हवे. सर्वसामान्य बोलीत ‘मेमरी’ हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी वापरला जातो. काम चालू असताना लागणारी कार्यकारी स्मृती वेगळी व साठवण वेगळी. पत्र दत्तक घेतल्याने दुसरी वाढते, पहिली तसूभरही वाढत नाही. घरात कोठी मोठी केली म्हणून चुलीपुढची जागा वाढत नाही, तसाच हा प्रकार आहे.

टिकाऊपणा : तरंगत्या द्वारात अडकविलेला विद्युत् भार कालांतराने झिरपतो. नव्या घटकातील नोंद सामान्यतः १० वर्षांच्या आसपास टिकेल, असे धरले जाते. परंतु घटक जितका अधिक वेळा पुसला गेला असेल आणि तपमान जितके अधिक असेल, तितकी ही मुदत घटते. उन्हाळ्यात ४० से. च्या वर तापणाऱ्या बीडसारख्या जिल्ह्यात हा मुद्दा केवळ तात्त्विक नाही. आरंभीच्या फ्लॅश स्मृतीत एका घटकात एकच अंक साठविला जाई व असा घटक सुमारे १ लाख वेळा पुसता येई. धारकता वाढविण्यासाठी पुढे एका घटकात दोन व तीन अंक कोंबण्यात आले. तीन अंकांचा घटक साधारणतः हजाराच्या घरातच पुसला जाऊ शकतो. पत्रातील नियंत्रक ही झीज सर्व घटकांवर सारखी वाटून देतो, म्हणून छायाचित्रकात पत्र वर्षानुवर्षे चालते. ॲपे व त्यांच्या नोंदवह्या पत्रावर नेल्या, म्हणजे लेखनाचे प्रमाण अनेक पटींनी वाढते. पत्राचा शेवटही बहुधा पूर्वसूचनेशिवाय येतो. कधी ते एकाएकी ओळखलेच जात नाही. कधी ते वाचता येते, पण त्यावर लिहिता येत नाही. ‘कार्ड उडाले’ हा बोलीतील प्रयोग या अनपेक्षितपणाचे यथार्थ वर्णन करतो.

बनावट पत्रांमुळे या संकटात भर पडली. थोड्या धारकतेच्या पत्रातील नियंत्रकात फेरफार करून ते ६४ किंवा १२८ गिगाबाइटचे आहे, असे यंत्रास सांगावयाचे, ही यातील युक्ती. खऱ्या धारकतेपर्यंत पत्र बिनतक्रार चालते. ती ओलांडली, की नव्या नोंदी जुन्यांवर चढतात किंवा हवेत विरतात; यंत्र मात्र सर्व काही सुरळीत लिहिल्याचे सांगत राहते. नव्या पत्रावर त्याच्या सांगितलेल्या धारकतेइतकी माहिती भरून ती पुन्हा वाचून पाहणे, हीच त्याची खात्रीची परीक्षा. अशी परीक्षा करणाऱ्या आज्ञावली विनामूल्य मिळतात.

गेवराई तालुक्यात गोदाकाठी राक्षसभुवन हे गाव आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी तेथे माधवराव पेशव्यांनी निजामाच्या सैन्याचा पराभव केला व निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. त्या काळातील पेशवाईचा कारभार इतिहासकारांना उलगडता आला, तो पुण्यातील पेशवे दप्तरातील मोडी कागदांच्या आधारे; गो. स. सरदेसाई यांनी त्यांतील निवडक कागद १९३० नंतरच्या काही वर्षांत ४५ भागांत प्रसिद्ध केले. बोरूने व काजळी शाईने लिहिलेले ते कागद कोणत्याही यंत्राशी बांधलेले नव्हते. मोडी वाचणारा मिळाला, की ते बोलू लागत. त्याच तालुक्यातील एखाद्या घरात आज कुटुंबाचा सारा चित्रमय वृत्तांत नखाएवढ्या एका पत्रावर असतो, आणि ते पत्र वाचण्याची किल्ली पडदा फुटलेल्या एका टॅब्लेटात असते.

अलीकडील स्थिती : २०१७ नंतर थोड्या स्मृतीच्या यंत्रांसाठी अँड्रॉइडची हलकी ‘गो’ आवृत्ती निघाली आणि अंगच्या साठवणीचे दरही उतरत गेले. ३२ व ६४ गिगाबाइटची साठवण स्वस्त यंत्रांतही येऊ लागल्याने दत्तकाची निकड कमी झाली. महागड्या भ्रमणध्वनींतून पत्राची खाच हळूहळू नाहीशी झाली; लहान व स्वस्त टॅब्लेटांत ती बहुतांशी टिकून आहे. तिच्यातील पत्र पुष्कळदा पूर्वीच्या एखाद्या यंत्रातून आलेले असते. ते तेथे ने-आणीच्या पद्धतीने वापरलेले असेल, तर नव्या टॅब्लेटात तत्काळ उघडते. दत्तक घेतलेले असेल, तर टॅब्लेट ते बिघडलेले असल्याचे सांगून नव्याने आखण्याची परवानगी मागतो. ती देण्यापूर्वी जुना टॅब्लेट चालू होतो किंवा कसे, हे पाहणे इष्ट होय. कारण तो चालू झाल्यास पत्र त्यात पुन्हा घालून माहिती उतरवून घेता येते, आणि एकदा नव्याने आखलेले पत्र जुन्या किल्लीलाही उघडत नाही.